आखाड्याभोवतीच्या गर्दीविषयी

शिरूर (घोडनदी)
एप्रिल 2025

चि. बाळास,

तुझ्या आईचा फोन आला होता. तालमीत तू भल्याभल्यांना आवरतोस, पण यात्रेच्या आखाड्यात उतरलास की हातपाय आखडतात आणि आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असं ती म्हणाली. वस्तादांना सांगायची तुला लाज वाटते, हेही कळलं. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि याला इलाज आहे. म्हणून हे पत्र.

चैत्र लागला की तुमच्या दौंडकडं आणि आमच्या शिरूरकडं गावोगाव यात्रांचे आखाडे भरतात. नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामी कुस्तीपर्यंत माणसं उन्हात बसून राहतात. हलगी कडाडते, निवेदक गावाचं नाव घेऊन तुला पुकारतो, आणि तुझी छाती धडधडू लागते. तो भित्रेपणा नव्हे. आपल्याला कुणी बघतंय म्हटलं की शरीर तापतंच. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1965 मध्ये याची उकल मांडली. बघणारे असले की अंगात मुरलेलं आणखी जोरात बाहेर येतं, आणि जे अजून कच्चं आहे ते बिघडतं.

यातच तुझा इलाज आहे. पट हा डाव तुझ्या अंगवळणी पडलाय, तर यात्रेत पटावरच जा. ढाकेचा डाव अजून कच्चा आहे, तो तालमीतच घोट. लोकांना काहीतरी दाखवायचं म्हणून मारू नकोस. वस्तादांना सांगून अधूनमधून सरावाला हलगी लावून घे, पोरांना कडेला बसवून आरडाओरडा करू दे. कुस्ती लागली की त्या गलक्यातून वस्तादांचा एकच आवाज ओळखायची सवय कर. लोक ‘निकाली करा’ म्हणून ओरडतील, पण खांदा दुखावला असेल तर हात वर करून थांब. ओरडणारे संध्याकाळी घरी जातील, खांदा मात्र तुला जन्मभर वापरायचा आहे.

गर्दीचं प्रेम गोड असतं, ते घ्यावं. पण आपली किंमत तिच्याकडून ठरवून घेऊ नये. गेल्या वर्षी आयपीएलमध्ये रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्या मुंबईचा कर्णधार झाला, तेव्हा वानखेडेवर, म्हणजे स्वतःच्याच संघाच्या मैदानावर, लोकांनी त्याची हुर्यो उडवली. जूनमध्ये भारतानं विश्वचषक जिंकला, शेवटचं षटक त्यानंच टाकलं, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता, निकाल बदलला होता. गर्दी निकाल बघते. तुझी पहाटेची मेहनत बघणारे तू, वस्ताद आणि तालमीतले चार सवंगडी.

आता तर गर्दी खिशातून घरीही येते. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेच्या डावाला चार गुण दिले गेले. त्यावरून मोबाइलवर कितीतरी दिवस रान पेटलं, पंचांना फोनवर धमकी आल्याची तक्रारही झाली. सिकंदर ती कुस्ती हरला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या नगर रस्त्यालगतच्या फुलगावात तो महाराष्ट्र केसरी झाला. त्या वादाचा निकाल मोबाइलवर कधीच लागला नसता, तो पुढच्या आखाड्यातच लागायचा होता. म्हणून कुस्तीच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत मोबाइल आईकडं देत जा. हरलास तरी, जिंकलास तरी.

गेल्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते तू पाहिलंस. पंचांचा निर्णय पटला नाही म्हणून एका नामांकित मल्लानं त्यांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. हे गर्दीमुळंच घडलं असं मी म्हणणार नाही. पण हजारो डोळ्यांसमोर अपमान झाल्यासारखं वाटलं की राग दुप्पट होतो, हे ध्यानात ठेव. निर्णय विरुद्ध गेला तर दाद वस्तादांनी मागायची. तू पंचांना नमस्कार करून बाहेर यायचं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. दडपणाला समोर गर्दी असावीच लागते असं नाही. टोकियो ऑलिंपिक 2021 मध्ये झालं तेव्हा करोनामुळं प्रेक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या. तरीही जगातली अव्वल जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून मधेच बाहेर पडली, कारण हवेत उडी घेतल्यावर तिला आपल्या शरीराचा अंदाज येईना. तिनं ते उघड सांगितलं, उपचार घेतले, आणि 2024 मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदकं जिंकली. गुडघा सुजला तर तू दवाखान्यात जातोस ना? मग झोप उडाली, जेवण जाईना, आखाड्याचं नावही नकोसं झालं, तर तसंच डॉक्टरांकडं जायचं. मी बरोबर येईन.

शेवटचं सांगतो. तू वर्षभर जेवढ्या कुस्त्या लढतोस, त्याच्या कितीतरी पट बघतोस. तेव्हा गर्दी तूच असतोस. हरलेल्या पोराला हसू नकोस, त्याच्या गावाचा उद्धार करू नकोस, परगावच्या मल्लाच्या चांगल्या डावालाही टाळी दे. आपल्याकडच्या आखाड्यांना असं बघणारी माणसं हवी आहेत, आणि ती तुमच्यासारख्या लढणाऱ्या पोरांनीच घडवायची आहेत.

उद्या सकाळी मेहनत झाली की वस्तादांशी बोल. काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
मामा