डॅक घ्यायला निघालेल्यांसाठी

मालींच्या गावात राहायचं आणि मालींची बासरी मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकायची, हे मला पटत नव्हतं. माली म्हणजे बासरीवादक टी. आर. महालिंगम; त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे आमचं तिरुविडैमरुदूर. १९२६ साली त्यांचा जन्म इथलाच. घरात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर चांगले होते, सीडी प्लेयर जुना पण धडधाकट. हवं होतं एवढंच, की सीडींवरून उतरवलेल्या फायली आणि स्ट्रीमिंग, दोन्ही एकाच यंत्रातून वाजावं. त्यासाठी चेन्नई गाठली. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण तिथे जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुलनेसाठी माझा सीडी प्लेयर सोबत नेला होता. दुकानदाराने तो आणि आपला महागडा स्ट्रीमर-डॅक (डॅक म्हणजे डिजिटल फाईलचं अ‍ॅम्प्लिफायरला कळणाऱ्या संकेतात रूपांतर करणारं यंत्र) एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आणि रिमोटने झटपट अदलाबदल करत राहिला. फरक ऐकू येत होता, हे खरं. नव्या यंत्रावर तंबोरा पुढे यायचा, मृदंगाचा डावा हात भरून यायचा. “सर, हा चिपचा फरक,” तो म्हणाला. मग पॅनेलवरचा दिवा दाखवला: एमक्यूए. हा लागला की स्टुडिओतलं मूळ मुद्रण तुमच्या घरात. नाही आवडलं तर परत आणा, असंही म्हणाला. तोंडी.

घरी आणल्यावर मला वेगळाच संशय येऊ लागला. जुन्या प्लेयरवर आवाजाचा खटका जरा पुढे सरकवला, की तंबोरा तिथेही पुढे यायचा. मग एका संध्याकाळी मल्टीमीटर काढला. ५० हर्ट्‌झचा चाचणी-स्वर पूर्ण पातळीवर दोन्ही यंत्रांतून वाजवला (साधे मीटर याच वारंवारतेला भरवशाचे असतात) आणि मागच्या आरसीए सॉकेटवर एसी व्होल्ट मोजले. जुन्या प्लेयरवर २.०, नव्यावर २.६. म्हणजे सव्वादोन डेसिबलहून थोडा अधिक. एवढा फरक कानाला पुष्कळदा ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून कळतो. पातळी सारखी करून मुलीला तारा बदलायला लावल्या आणि मी पाठमोरा बसून ऐकलं. कोणतं यंत्र कुठलं, ते मला सांगता येईना, तिलाही येईना. तिथे बसल्या बसल्या दुकानातलं सगळं प्रात्यक्षिक माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. हा माणूस रोज यंत्रं जोडतो. पातळी सारखी करायची असते हे त्याला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

फोन केला, तर उत्तर काय? “सर, तुमच्या गावातली वीज चांगली नसेल. पॉवर कंडिशनर घ्या, मग बघा.” परत घ्या म्हटलं, तर “सील फोडलंत ना?” सील न फोडता यंत्र घरी ऐकायचं कसं, ते त्याने सांगितलं नाही.

त्या दिव्याचंही ऐका. एमक्यूए तेव्हा प्रामुख्याने टायडल या सेवेवर मिळत होतं आणि टायडल भारतात अधिकृतपणे सुरूच झालेलं नव्हतं. विकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं. पुढे एप्रिल २०२३ मध्ये एमक्यूए कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनात गेली आणि जुलै २०२४ मध्ये टायडलनेही ते फॉरमॅट सोडलं. म्हणून कोणत्याही खास फॉरमॅटच्या नावाने जास्तीचा रुपया देऊ नका. सीडीचं मानक १९८२ पासून बाजारात आहे, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ, आणि मालींच्या मैफलींच्या जुन्या टेपांना ते पुरून उरतं. टेपची खरखर १६ बिटांच्या तळापेक्षा कितीतरी वर असते. ती २४ बिटांत साठवून बासरी अधिक खरी होत नाही. स्ट्रीमिंगचं म्हणाल, तर अ‍ॅपल म्युझिकने २०२१ पासून लॉसलेस मुद्रणं जादा पैसे न घेता दिली आहेत. आधी आपल्या देशात कोणती सेवा चालते ते बघा, मग ती नीट वाजवणारं यंत्र शोधा.

कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांनी एक चाचणी दुकानातच करावी, कारण ती कोणी सुचवत नाही. सीडीवर आलापना, तानम्, पल्लवी, तनी आवर्तनम् असे वेगवेगळे ट्रॅक असतात, पण मैफल सलग असते. माझा स्ट्रीमर नेटवर्कवरच्या डिस्कवरून वाजवताना प्रत्येक ट्रॅकच्या सांध्यावर क्षणभर गप्प व्हायचा. राग डोक्यात बसलेला असताना ती फट सुरीसारखी लागते. ‘गॅपलेस’ असं पत्रकावर छापलेलं पुरेसं नाही; तुमची फाईल, तुमची डिस्क, त्यांचं अ‍ॅप, अशी जोडणी करून ऐका. शोधाचंही तसंच. अ‍ॅपमध्ये टी. आर. महालिंगम टाकलं की बासरीवाल्या मालींबरोबर ‘श्रीवल्ली’ चित्रपटातले त्याच नावाचे गायक-नट येतात, दोघे एकाच खात्यात. फायलींना राग, ताल, रचनाकार अशा नोंदी स्वतः करून ठेवा आणि त्या दाखवणारं सॉफ्टवेअर निवडा. मी आता रास्पबेरी पायवर लिरियन म्युझिक सर्व्हर चालवतो. त्यात हे जमतं.

डॅक आणि स्ट्रीमर वेगवेगळे घेतले तर बरं. अ‍ॅप आणि सेवा लवकर जुन्या होतात, डॅक होत नाही. कॉम्प्युटर यूएसबीने जोडल्यावर स्पीकरमधून गुणगुण आली, तर तारा बदलत बसू नका. ऑप्टिकल केबल लावा. तीतून प्रकाश जातो, वीज जात नाही, आणि माझ्याकडे गुणगुण तिथेच थांबली. ईशान्य मान्सूनमध्ये विजा कडाडू लागल्या की प्लग काढा, नेटवर्कची केबलही.

बजेट आधी ठरवावं, घाई करू नये, हे तर आहेच.

आणि परतीची अट व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या: किती दिवस, सील फोडलं तरी का, पैसे परत की दुसरी वस्तू. दुकान दूरच्या शहरात आहे म्हणून गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. मीटरवरचे दोन्ही आकडे, त्यांचे फोटो आणि बिल जोडून माझी तक्रार तंजावरच्या जिल्हा आयोगाकडे गेली आहे. त्या दुकानदाराला पॉवर कंडिशनरबद्दल जे काही सांगायचं असेल, ते त्याने आता तिथे सांगावं.