मेणबत्तीचा धडा



विहारात वंदनेच्या वेळी आपण मेणबत्ती पेटवतो. वीज गेली की घरातही तीच उपयोगी पडते. रोजची वस्तू म्हणून तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. पण मेणबत्तीत नेमके काय जळते? मेण की वात? आणि जळालेले मेण जाते कुठे? एवढ्याच प्रश्नांवर एका थोर शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी व्याख्यानमाला दिली. प्रथम १८४८ साली आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात. त्यांचे नाव मायकेल फॅरेडे.

फॅरेडे कोण होते?

त्यांचा जन्म १७९१ साली एका लोहाराच्या घरी झाला. शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरतेच. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षांच्या उमेदवारीवर लागले. बांधणीसाठी आलेली पुस्तके ते वाचून काढीत आणि जमेल तेवढे प्रयोग स्वतः करून पाहत. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेंनी ऐकलेले सर्व टिपून घेतले, सुवाच्य लिहिले, स्वतः बांधले आणि डेव्हींकडे पाठवले. १८१३ साली ते तेथील प्रयोगशाळेत मदतनीस झाले.

त्याच वर्षी डेव्हींबरोबर ते युरोपच्या प्रवासाला गेले. डेव्हींच्या पत्नीने त्यांना नोकराप्रमाणे वागवले, जेवणही नोकरांबरोबर. हा अपमान त्यांच्या मनाला लागला. तरी त्यांनी पाहणे आणि विचारणे सोडले नाही. तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर हलवला की तारेत वीज निर्माण होते, हे त्यांनी १८३१ साली दाखवून दिले. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतील जनित्रे याच तत्त्वावर चालतात.

मेणबत्तीत काय दडले आहे?

ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते. भोवतालची थंड हवा खालून वर चढते आणि मेणाची कड थंड ठेवते, म्हणून वातीभोवती वाटी तयार होते. पातळ मेण केशाकर्षणाने वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते.

हे पडताळून पाहता येते. वडीलधाऱ्यांना जवळ बसवून पुढील प्रयोग करावेत.

१. मेणबत्ती विझवताच वातीतून पांढरा धूर निघतो. त्या धुरात, वातीपासून बोटभर वर, पेटती काडी धरा. ज्योत धुरातून खाली उतरून वात पुन्हा पेटते. तो धूर म्हणजे न जळालेले मेणच होय.

२. ज्योतीच्या पिवळ्या भागात चमचा धरा. काजळी धरते. हे कोळशाचे सूक्ष्म कण ज्योतीत तापून लाल-पिवळे होतात, म्हणून आपल्याला प्रकाश मिळतो.

३. थंड, कोरडा काचेचा पेला ज्योतीच्या थोडा वर क्षणभर उपडा धरा. आत दव जमते. आगीतून पाणी निघाले!

जळालेल्या मेणाचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. आपल्या उच्छ्वासातही हीच दोन द्रव्ये असतात. आरशावर फुंकर घाला, दव दिसेल. चुन्याच्या निवळीत नळीने फुंका, ती दुधाळ होईल. आपल्या शरीरातही अन्नाचे मंद ज्वलन चालू असते. फॅरेडेंनी आपल्या शेवटच्या व्याख्यानात मुलांना हेच समजावून सांगितले.

आपण काय घ्यावे?

प्रयोगशाळा नाही, इंग्रजी माध्यम नाही, म्हणून विज्ञान आपले नव्हे, अशी समजूत वस्तीतल्या अनेक मुलामुलींची होऊन बसते. परीक्षेपुरते पाठांतर करायचे, एवढेच उरते. कुतूहलाला मात्र फीही लागत नाही आणि दाखलाही लागत नाही. धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. तो रोजच्या वस्तूंनाही लावावा. दूध उतू का जाते? माठातले पाणी गार का होते? रोज एक प्रश्न वहीत लिहा आणि उत्तर स्वतः तपासा.

सभासद बंधू-भगिनींनाही एक विनंती. फॅरेडेंच्या अंगी जिज्ञासा होती, पण व्याख्यानाचे तिकीट दुसऱ्या कोणीतरी दिले होते. मूल प्रश्न विचारते तेव्हा त्याला 'गप्प बस' म्हणू नका. उत्तर येत नसेल तर त्याच्यासोबत शोधा, एखादे पुस्तक आणून द्या. आपल्या वस्तीतल्या मुलांना ते तिकीट आपणच दिले पाहिजे.