एक फलाट, तीन गाड्या : व्हिडिओ स्विचची निवड

मी कला शाखेचा विद्यार्थी. मराठी वाङ्मय, इतिहास आणि राज्यशास्त्र हे माझे विषय. अशा विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी कवितेऐवजी एका विजेच्या डबीवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु या डबीने मला चारचौघांत खाली मान घालावयास लावली आणि नंतर बरेच काही शिकविलेही. ते शिक्षण इतरांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची वस्ती अजनीच्या बाजूला, रेल्वेच्या आवाजात वाढलेली. वस्तीत एक समाजमंदिर आहे. दिवसा तेथे पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले बसतात. संध्याकाळी म्हाताऱ्या बायामाणसांसाठी टीव्ही लागतो. हा टीव्ही कोणीतरी वापरून दिलेला. त्याच्या पाठीला एचडीएमआयचे भोक एकच. फ्री डिशचा डबा लावावयाचा तर मुलांच्या लॅपटॉपची वायर उपसावी लागे, आणि लॅपटॉप लावावयाचा तर डब्याची. शिवाय एक जुना डीव्हीडी प्लेअर होता, त्यात वस्तीतील लग्नांच्या तबकड्या लागत. दिवसातून पाच-सहा वेळा वायरींची ओढाताण होऊन ते एकुलते एक भोकही सैल होऊ लागले. त्यावरून मुले आणि म्हातारी माणसे यांच्यात बोलाचाली होऊ लागली.

शेवटी घरटी पन्नास रुपये वर्गणी निघाली आणि "पोरगं कालेजात जाते, त्यालेच आणू द्या," असे ठरले. आमच्या ओळीतील बारा घरांत महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची ही एक अडचणच असते. रेशनच्या अर्जापासून मोबाईलच्या दुरुस्तीपर्यंत सर्व काही त्याला येत असणार, असे घरची माणसे धरून चालतात, आणि "मला येत नाही" हे तीन शब्द उच्चारण्याचे धैर्य त्याला होत नाही.

मलाही झाले नाही. सीताबर्डीच्या एका दुकानात जाऊन मी म्हणालो, "एचडीएमआयच्या जास्त वायरी जोडायची डबी द्या." दुकानदाराने विचारले, "स्प्लिटर का?" त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, पण ठाऊक असल्यासारखा चेहरा करून मी म्हणालो, "हो, तोच." साडेचारशे रुपये देऊन डबी आणली. पंधरा-वीस माणसांसमोर जोडली. पडदा काळा तो काळाच. या वायरीची त्या भोकात अशी अर्धा तास अदलाबदल केली. अखेर एक आजी म्हणाली, "राहू दे बाप्पा, आम्ही बदलवत जाऊ वायर." कोणी रागावले असते तर बरे वाटले असते.

माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन आहेत. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली. रात्री त्यांनी ती डबी हातात घेतली, तिच्यावरचे बाण पाहिले आणि म्हणाले, "याले आत यायची वाट एक हाय, आन् बाहेर जायच्या दोन. आपल्या गाड्या तीन, आन् फलाट एक. तू सांधा उलटा आणला बे." माझ्या चुकीचे याहून नेमके निदान पुढे कोठेही मला मिळाले नाही. त्या रात्रीपासून मी हा विषय अभ्यासास घेतला.

स्विच कशाला म्हणावे?

नागपूरकरांना सांधा म्हणजे काय हे सांगावयास नको. १८६७ साली येथे रेल्वे आली. आज मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग आपल्या स्थानकात एकमेकांना भेटतात. अनेक मार्गांनी येणाऱ्या गाड्यांपैकी कोणती गाडी या फलाटावर घ्यावयाची, ते सांधा बदलून ठरते. व्हिडिओ स्विच हेच काम करतो. अनेक साधनांकडून येणाऱ्या चित्रांपैकी एकाच चित्राला तो पडद्यापर्यंत वाट करून देतो. येणाऱ्या वाटा अनेक, जाणारी एक.

स्प्लिटर याच्या नेमका उलट. एकाच साधनाचे चित्र दोन किंवा अधिक पडद्यांवर दाखवावयाचे असेल, तर तो घ्यावा. मंगल कार्यालयात आत आणि मांडवात एकच दृश्य दिसते, ते त्याच्यामुळे. तिसरा प्रकार मॅट्रिक्सचा. त्यात येणाऱ्या वाटा अनेक आणि जाणाऱ्याही अनेक; कोणतेही साधन कोणत्याही पडद्याला जोडता येते. तो महाग असतो आणि एका पडद्याच्या घरी त्याचे काहीच काम नसते. दुकानात जाण्यापूर्वी एवढा भेद मला कळला असता, तर माझी फजिती टळली असती.

पहिली पायरी : मोजणी

खरेदीला निघण्यापूर्वी टीव्हीच्या पाठीमागे बॅटरी घेऊन बसावे आणि कागदावर दोन रकाने करावेत. एकात टीव्हीची भोके, दुसऱ्यात आपली साधने आणि त्यांच्या वायरींची टोके. एचडीएमआयचे टोक चपटे असते आणि त्यात १९ पिना असतात. याची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. त्यापूर्वीच्या साधनांना पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन गोल टोके असत: पिवळ्यातून चित्र, उरलेल्या दोहोंतून आवाज. ही जुनी पद्धत आणि एचडीएमआय यांची भाषाच वेगळी आहे. जुन्या साधनाला एचडीएमआयच्या स्विचमध्ये आणावयाचे तर मध्ये रूपांतर करणारी वेगळी डबी लागते, आणि तीही योग्य दिशेची. जुन्यातून नव्यात नेणारी डबी नव्यातून जुन्यात नेत नाही.

मी असा कागद केला तेव्हा ध्यानात आले की आमच्या टीव्हीला तीन रंगांची भोकेही आहेत आणि ती रिकामीच पडली आहेत. डीव्हीडी प्लेअर सरळ तेथे लागला. त्यासाठी ना स्विच लागला, ना रूपांतराची डबी. स्विचसाठी उरली दोनच साधने, फ्री डिशचा डबा आणि लॅपटॉप. तरीही तीन वाटांचा स्विच घ्यावा असे मी ठरविले. मोजणीपेक्षा एक वाट जास्त असावी, कारण घरात साधने वाढतात, कमी होत नाहीत.

दुसरी पायरी : वाहून नेण्याची ताकद

दुकानात डब्यांवर मोठमोठे आकडे छापलेले असतात आणि आपल्याला वाटते की मोठा आकडा तोच चांगला. येथे थोडे गणित करावे. आमच्या टीव्हीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला ६० चित्रे धरली तर १२,४४,१६,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगावयास २४ बिट लागतात. गुणाकार जवळजवळ तीन अब्ज बिटांवर जातो. चित्रांच्या मधली मोकळी जागा आणि वाटेत चुका होऊ नयेत म्हणून घातलेली भर धरून वायरीतून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे साडेचार अब्ज बिट धावतात.

आता आवृत्त्या पाहू. २००९ ची एचडीएमआय १.४ सेकंदाला १०.२ अब्ज बिट नेते. २०१३ ची २.० ही १८ अब्ज; २०१७ ची २.१ ही ४८ अब्ज. म्हणजे आमच्यासारख्या पडद्याला १.४ चा स्विच पुरून उरतो. ज्यांच्या घरी ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा, म्हणजे 'फोर-के' टीव्ही आहे आणि ज्यांना सेकंदाला ६० चित्रे हवी आहेत, त्यांची गरज सुमारे १७.८ अब्जांवर जाते, त्यांनी २.० चाच घ्यावा. ४८ अब्जांचा स्विच मुख्यतः नवे खेळयंत्र आणि तितकाच नवा टीव्ही असणाऱ्यांसाठी. साधन, वायर, स्विच आणि टीव्ही या साखळीत जी कडी सर्वांत कमजोर, तिच्याच ताकदीने सर्व साखळी चालते. एक कडी सोन्याची केल्याने साखळी सोन्याची होत नाही.

तिसरी पायरी : ओळख पटणे

वडील सांगतात की सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. दोहोंची आतून सांगड घातलेली असते. एचडीएमआयमध्येही अशीच सांगड आहे. वायर जोडताच टीव्ही आपली माहिती साधनाला कळवितो: मी इतक्या ठिपक्यांचा, मला अमुक प्रकारचा आवाज समजतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. त्यानंतर एचडीसीपी नावाच्या कुलपाची तपासणी होते. चित्रपटांची चोरून नक्कल होऊ नये म्हणून हे कुलूप आहे. मध्ये बसलेल्या स्विचला ते कुलूप उघडता आले नाही, तर टीव्ही चांगला, साधन चांगले, तरी पडदा काळा. फोर-के चित्रपट पाहणाऱ्यांनी स्विचवर 'एचडीसीपी २.२' किंवा त्यापुढची आवृत्ती लिहिली आहे ना, हे अवश्य पाहावे.

या ओळखीला दोन-तीन सेकंद लागतात. म्हणून बटण दाबताच पडदा क्षणभर काळा झाला तर घाबरून दुसरे बटण दाबू नये. आमच्याकडे पहिले दोन दिवस हेच झाले. सिग्नल मिळण्यापूर्वीच आम्ही सांधा पुन्हा बदलत होतो!

चौथी पायरी : वीज, अंतर आणि बटण

पुष्कळ स्वस्त स्विचना स्वतःची वीज नसते; साधनाच्या वायरीतून येणाऱ्या ५ व्होल्टांवर ते भागवितात. वायर लहान असेल तर हे चालते. लांब वायरीच्या शेवटी मात्र चित्र लुकलुकते किंवा जाते. म्हणून वीज घेण्याची वेगळी सोय असलेला स्विच घ्यावा आणि तो टीव्हीच्या जवळ ठेवावा.

निवडीच्या पद्धती तीन आहेत: बटण, रिमोट आणि आपोआप. आपोआप बदलणारा स्विच जे साधन नव्याने सुरू होईल त्याच्याकडे वळतो. हे सोयीचे वाटते; परंतु काही सेट टॉप बॉक्स बंद केल्यावरही वायरीत वीज सोडत राहतात आणि स्विचचा गोंधळ उडतो. म्हणून आपोआपची सोय असली तरी सोबत बटण असलेच पाहिजे.

पाचवी पायरी : आवाज

ज्यांच्याकडे वेगळे स्पीकर आहेत, त्यांनी आवाजाची वाट आधी ठरवावी. टीव्हीतून आवाज एचडीएमआयच्याच वायरीने उलट स्पीकरकडे नेण्याची सोय, तिला एआरसी म्हणतात, ती १.४ या आवृत्तीपासून आली. स्पीकर स्विचच्या पलीकडे असतील आणि स्विचला एआरसी कळत नसेल, तर आवाज अडतो. त्यापेक्षा टीव्हीच्या स्वतंत्र ध्वनी-भोकातून तो न्यावा. आणि ज्यांच्या घरी होम थिएटरचा रिसीव्हर आहे, त्यांनी आधी त्याचीच पाठ पाहावी. रिसीव्हर हा स्वतःच एक स्विच असतो. त्याला पुरेशी एचडीएमआय भोके असतील तर वेगळी डबी घेणे म्हणजे विहीर असताना पाणी विकत आणणे होय.

समारोप

हा सर्व कागद घेऊन मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी आधीच सांगितले, "मागच्या वेळी मला समजले नव्हते. माझी साधने ही, टीव्ही हा, आता काय द्याल?" दुकानदाराने कागद वाचला, स्प्लिटर परत घेतला आणि वरच्या चारशे रुपयांत तीन वाटांचा, बटण आणि रिमोट दोन्ही असलेला, वेगळी वीज घेणारा स्विच दिला. हिशेबाची पावती मी समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटविली.

बटणांवर नावे इंग्रजीत होती. ज्या आजीने मला "राहू दे बाप्पा" म्हटले होते, तिला अक्षरओळख नाही. म्हणून पहिल्या बटणावर लाल आणि दुसऱ्यावर निळी टिकली लावली. लाल म्हणजे डबा, निळी म्हणजे पोरांचा अभ्यास. आता ती स्वतः उठून लाल बटण दाबते, दोन सेकंद थांबते आणि मगच खाली बसते. सातला मुले निळे बटण आपण होऊन सोडून देतात. त्या वायरीवरून आमच्याकडे आता बोलाचाली होत नाही.

वर्गात प्रश्न विचारावयास मी अजूनही बिचकतो. परंतु साडेचारशे रुपयांच्या चुकीने एक गोष्ट पक्की केली. शिकलेल्या माणसाला सर्व काही येत असते, ही समजूत न शिकलेल्यांची नाही. ती शिकणाऱ्यानेच मुकाट्याने बसून वाढविलेली असते. "हो, तोच" या दोन शब्दांपेक्षा "मला येत नाही" हे तीन शब्द स्वस्त पडतात.

— बी. ए. द्वितीय वर्ष