घरासाठी गिझर केवढा हवा?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे व त्यांतील चुली उजेडात आल्या. चुलीनंतर बंब आला, बंबानंतर गिझर. साधने बदलली, पण पाणी तापवण्याचा हिशेब बदललेला नाही. तो मांडता आला, की गिझर केवढा घ्यावा हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.

समजा, इनामगावातील एका घरात पाच माणसे आहेत. हिवाळ्यात टाकीतील पाणी २० अंश सेल्सिअस आहे. प्रत्येकाला स्नानासाठी ४० अंशांचे १५ लिटर, म्हणजे एक बादली पाणी हवे. एकूण ७५ लिटर झाले. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास ४.२ किलोजूल उष्णता लागते. म्हणून

७५ × २० × ४.२ = ६३०० किलोजूल.

एक युनिट वीज म्हणजे ३६०० किलोजूल. तेव्हा रोजचा खर्च किमान पावणेदोन युनिट.

मग गिझर ७५ लिटरचा हवा का? नाही. गिझरमधील पाणी ६० अंशांपर्यंत तापते आणि आपण त्यात विसण घालतो. ६० अंशांचे व २० अंशांचे पाणी समभाग मिसळले, की ४० अंशांचे पाणी मिळते. म्हणजे कढत पाणी साडेसदतीस लिटरच लागेल.

तेवढेही एकदम लागत नाही. २५ लिटरचा गिझर तापला, की त्यात २५ × ४० × ४.२ = ४२०० किलोजूल साठतात. कमी पडतात २१००. दोन किलोवॉटचा गिझर दर सेकंदाला २ किलोजूल देतो. ही तूट तो साडेसतरा मिनिटांत भरून काढील. प्रत्यक्षात आत येणारे गार पाणी गरम पाण्यात मिसळते व थोडी उष्णता टाकीतच उरते, म्हणून अर्धा-पाऊण तास धरावा. पाच जणांची स्नाने एकापाठोपाठ होण्यास तेवढा वेळ लागतोच. तेव्हा २५ लिटर पुरेत. ५० लिटरचा गिझर घेतला, तर उरलेले पाणी निष्कारण तापेल आणि निवून जाईल.

आता साठा नसलेला, नळ सोडताच पाणी तापवणारा गिझर पाहू. येथे प्रश्न ऊर्जेचा नसून शक्तीचा, म्हणजे ऊर्जा किती वेगाने मिळते याचा आहे. तीन किलोवॉटचा विजेचा गिझर मिनिटाला १८० किलोजूल देतो. पाणी २० अंशांनी तापवायचे, तर मिनिटाला जेमतेम २.१ लिटर मिळेल. बादली भरण्यास सात मिनिटे! साडेदहा किलोवॉटच्या गॅस गिझरने तीच बादली दोन मिनिटांत भरते.

इंग्लंडमधील अनेक घरांत कॉम्बी बॉयलर असतो. तो घर ऊबदार ठेवतो आणि नळालाही गरम पाणी देतो. तेथे हिवाळ्यात नळाचे पाणी ५ अंशांपर्यंत उतरले, तर ते ४० अंशांवर नेण्यास ३५ अंशांची वाढ हवी. २४ किलोवॉटच्या बॉयलरमधून मग मिनिटाला सुमारे १० लिटर पाणी मिळते. दोन न्हाणीघरांत एकदम फवारे सुरू झाले, की प्रत्येकाला पाचच! म्हणून असा बॉयलर निवडताना केवळ खोल्या मोजून भागत नाही. एका वेळी किती नळ चालतील हेही पाहावे लागते.

एक गोष्ट मात्र आकारापेक्षा महत्त्वाची आहे. बंद न्हाणीघरात गॅस गिझर किंवा बंब पेटवला, की हवेतील ऑक्सिजन कमी होत जातो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. माणूस बेशुद्ध पडतो व दगावतो. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, खेळत्या हवेत बसवावा व धूर बाहेर जाण्याची वाट ठेवावी.

करून पाहा : घरातील बादली किती लिटरची आहे ते मोजा. तापमापकाने सकाळच्या गार पाण्याचे व विसण घातलेल्या पाण्याचे तापमान घ्या. माणसे मोजा आणि वरील हिशेब स्वतःच्या घरासाठी मांडा. तुमच्या घरातील गिझर मोठा ठरतो की लहान?