कूलरची घरघर आणि झोपेचे सूर

गेल्या महिन्यात विहारात आरोग्याची बैठक होती. रक्तदाब, साखर, सिकलसेल या विषयांवर बोलून झाले. लोक उठले आणि चपला घालता घालता एका ताईने विचारले, “रात्री मोबाइलवर झोपेचं संगीत लावते. जरा डोळा लागतो न लागतो तोच मधेच जाहिरात ओरडते. मग दोन वाजेपर्यंत जागीच. हे संगीत खरंच काही करते का, की नुसता डाटा जातो?”

या ताई पहाटे पाचला उठून चार घरची कामे करतात. दोन वाजेपर्यंत जाग म्हणजे हातात तीन तासांची झोप. म्हणून या महिन्याचे पान त्यांच्या प्रश्नासाठी.

संगीताने झोप सुधारते का? थोडी सुधारते. 2005 साली तैवानमध्ये 60 ते 83 वयाच्या, झोपेची तक्रार असलेल्या 60 लोकांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना रोज झोपताना 45 मिनिटे संथ संगीत ऐकायला दिले. तीन आठवड्यांत त्यांची झोप सुधारली, आणि सुधारणा पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्यात, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्यात अधिक होती. 2022 साली अशा 13 अभ्यासांचा, म्हणजे 1007 लोकांचा, एकत्र आढावा घेतला गेला. निष्कर्ष तोच निघाला: निद्रानाश असलेल्यांना आपली झोप सुधारल्याचे जाणवते. तेव्हा एक रात्र लावून “काही फरक पडला नाही” म्हणू नये. पण कोणते संगीत, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या घरातच घरघरत असते.

मे महिन्यात नागपूरला पारा 45 च्या पुढे जातो आणि घराघरांत कूलर रात्रभर चालतो. पंख्याचा घोंघाट, पंपाचे पाणी, पत्र्याची थरथर. आवाज काही लहान नाही, तरी आपण गाढ झोपतो. आणि लाइन गेली की? उकाडा जाणवण्याच्या आधीच अर्धी वस्ती जागी होते. शांततेने जाग येते!

याचे कारण असे की झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. मेंदू रात्रभर पहारा देतो, पण तो आवाज किती मोठा आहे यापेक्षा आवाजात बदल किती झाला ते बघतो. शांत खोलीत ट्रकचा हॉर्न वाजला तर तो बदल फार मोठा असतो. कूलर चालू असताना तोच हॉर्न त्या घोंघाटात निम्माशिम्मा बुडतो. कामठी रोडच्या कडेला राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. अर्थात याचा अर्थ कूलर हे औषध आहे असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज 30 डेसिबलच्या आसपास, म्हणजे कुजबुजीइतका असावा. आपला कूलर त्याच्या कितीतरी वर असतो. पण त्याच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तो काही सांगत नाही, थांबत नाही, अचानक चढत नाही.

झोपेसाठी, विश्रांतीसाठी संगीत रचणारे नेमके हेच करतात. या प्रकाराला ‘अँबियंट’ संगीत म्हणतात, म्हणजे खोलीतल्या हवेसारखे भोवती असणारे. हे नाव रूढ करणारे इंग्लंडचे संगीतकार ब्रायन ईनो यांना त्याची वाट सापडली ती आजारपणात. 1975 साली अपघातानंतर ते अंथरुणावर होते. भेटीला आलेल्या मैत्रिणीने हार्प या तंतुवाद्याची तबकडी आणून दिली आणि ती गेल्यावर त्यांनी ती कशीबशी लावली. आवाज फार बारीक होता, एक बाजूचा स्पीकर बंद होता, आणि उठून आवाज वाढवण्याचे त्राण अंगात नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. पडल्या पडल्या त्यांना पाऊस आणि तारांचा आवाज एकमेकांत मिसळून ऐकू येऊ लागला. संगीत असेही ऐकता येते, हे तेव्हा उमगल्याचे त्यांनी स्वतः लिहिले आहे. 2015 साली माक्स रिख्टर या संगीतकाराने ‘स्लीप’ नावाची आठ तासांहून मोठी रचना केली. ती रात्रभर वाजवतात आणि श्रोते खाटांवर झोपून असतात. आपल्याकडे भीमजलशाला लोक रात्र जागवायला जातात, तिथे तिकीट काढून झोपायला जातात. ज्याची त्याची गरज!

आता घरचा प्रयोग सांगतो. माझा पुतण्या भीमगीतांच्या पार्टीत की-बोर्ड वाजवतो. बैठकीतला प्रश्न त्याला सांगितला, तर म्हणाला, “काका, माझ्या आईचंही तेच आहे. मीच बनवतो काहीतरी.” पहिल्या खेपेला त्याने वामनदादांच्या एका गाजलेल्या गीताची चाल घेतली, ती निम्म्या लयीत बासरीच्या सुरात वाजवली, खाली तानपुरा सोडला. ऐकायला फार गोड. वहिनींनी तीन रात्री लावली आणि चौथ्या दिवशी म्हणाल्या, “झोप कुठची! डोळे मिटले की शब्द येतात. शब्द आले की संगं म्हणावं वाटते. मग मोर्चाचे दिवस आठवतात.”

पुतण्या हिरमुसला, पण वहिनींचे म्हणणे शास्त्राला धरून होते. अमेरिकेत बेलर विद्यापीठाने 2021 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. त्यात 50 लोकांना प्रयोगशाळेत झोपवले. झोपण्याआधी काहींना लोकप्रिय गाणी ऐकवली, काहींना त्याच गाण्यांची शब्दांविना नुसती धून. वाटेल की नुसती धून अधिक शांत. झाले उलटे! धून ऐकणाऱ्यांच्या डोक्यात ते गाणे जास्त घोळत राहिले. आणि ज्यांच्या डोक्यात गाणे घोळले त्यांना झोप लागायला वेळ लागला, रात्री जागही जास्त आली. गाळलेले शब्द मेंदू स्वतः भरत बसतो.

भीमगीत जागे करण्यासाठी जन्मले आहे. कडवे संपते, धृवपद परत येते, ढोलकी समेवर पडते आणि सारी गर्दी त्या समेची वाट पाहत असते. ती वाट पाहणे हाच गाण्याचा प्राण. झोपेच्या संगीतात मात्र वाट पाहायला काही शिल्लक ठेवायचे नसते. सम नको, धृवपद नको, तिहाई तर नकोच. पुतण्याला मी एवढेच सांगितले: ऐकणाऱ्याला पुढचा सूर कोणता येईल हे कळू नये आणि तो कोणता येतो याची त्याला फिकीरही वाटू नये.

दुसऱ्या खेपेला त्याने केले ते कोणत्याही वाजवणाऱ्या मुला-मुलीला जमेल, म्हणून सविस्तर लिहितो. सूर घेतले भूपाचे: सा, रे, ग, प, ध. या पाचांत अगदी शेजारी लागून असलेले, एकमेकांना घासणारे सूर नाहीत. कोणताही कोणावर पडला तरी कानाला टोचत नाही. की-बोर्डवर पियानो निवडला तर प्रत्येक सूर टक्कन सुरू होतो. त्याऐवजी ‘पॅड’ नावाचे जे आवाज असतात ते घेतले. त्यांत सूर हळू फुगतो आणि हळू ओसरतो. पट्टी खालची ठेवली. झांज, खंजिरी, घुंगरू यांसारखे किणकिणणारे काहीही घेतले नाही.

मग खरी युक्ती. त्याने तीन तुकडे रेकॉर्ड केले. पहिल्यात खर्जातला सा आणि प, लांबी 23 सेकंद. दुसऱ्यात ग आणि ध, लांबी 29 सेकंद. तिसऱ्यात एकटा रे, लांबी 31 सेकंद. प्रत्येक तुकड्यात निम्मा वेळ शांतता. संगणकावर ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात ‘रिपीट’ दिले की तुकडा हवा तितक्या वेळा पुढे जोडला जातो. तिन्ही एकाच वेळी सुरू केले. लांबी वेगवेगळी असल्याने ते दर फेरीला वेगळ्या जागी भेटतात. तिघे पुन्हा एकदम सुरू होण्याचा क्षण कधी येईल? 23 गुणिले 29 गुणिले 31, म्हणजे 20,677 सेकंदांनी, जवळपास पावणेसहा तासांनी. वाजवले दीड मिनिट आणि रात्रभर तीच जुळणी पुन्हा येत नाही. ही पद्धत ईनो यांची. त्यांनी 1978 च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये टेपचे लहान-मोठे वेढे असेच फिरवले होते.

तीन सुधारणा वहिनींनीच सुचवल्या. एक सूर “खुपतो” म्हणाल्या, तो काढला. वरचा तीक्ष्णपणा ‘लो-पास फिल्टर’ने कापला. आणि संगीत एकदम थांबल्यावर जाग येते म्हणाल्या. लाइन जाण्याचाच प्रकार! म्हणून 45 मिनिटांपैकी शेवटची दहा मिनिटे आवाज इतका हळू उतरवला की कधी संपले ते कळत नाही.

वापरताना काही गोष्टी सांभाळा. फाइल मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि मोबाइल ‘विमान’ मोडवर टाका, म्हणजे जाहिरात नाही आणि फोनही नाही. मोबाइल उशाशी नको. फळीवर, पडदा खाली करून ठेवा. आवाज इतकाच असावा की ऐकायचे ठरवले तर ऐकू येईल, नाहीतर विसरता येईल. इअरफोन घालून झोपू नका. कान दुखतात, शिवाय रात्री लेकरू रडले किंवा म्हाताऱ्या माणसाने हाक मारली तर कळायला हवे. आपल्या घरांत एका खोलीत पाच जण झोपतात. एकाला जे झोपवते ते दुसऱ्याला छळू शकते, तेव्हा आधी विचारा.

काही घरांत रात्री परित्राण पाठ लावतात. एका पातळीवरचा आवाज, वाद्य नाही, ताल नाही, त्यामुळे अनेकांना त्याने स्वस्थ वाटते. मेत्तेच्या अकरा लाभांत सुखाने झोपणे आणि सुखाने उठणे हे पहिले दोन सांगितले आहेत. ज्यांना पालीचा अर्थ उमगतो ते मात्र ऐकता ऐकता विचारात पडतात. त्यांनी पाठ संध्याकाळी ऐकावा, रात्री सूर पुरेत. लहान मुलांसाठी यांतले काहीच लागत नाही. आई-आजीची अंगाई पुरते. 2020 चा एक अभ्यास तर सांगतो की कधी न ऐकलेल्या, परक्या भाषेतल्या अंगाईनेही तान्ह्या बाळांच्या हृदयाचे ठोके शांत होतात.

आणि बाहेरचा आवाज? कायद्याने निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि त्या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर बंद हवा. दुसऱ्यांच्या मंडपावर बोट दाखवताना आपल्या जयंतीचा डीजेही आठवावा. त्याच गल्लीत सिकलसेलचे लेकरू तळमळत असते, रात्रपाळीहून आलेला माणूस पडलेला असतो.

एक गोष्ट मनात सलते ती लिहितो. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करत, हे सांगतच आपण मुले वाढवतो. ते खरे आहे आणि सांगावेच. पण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरे त्यातून झोप म्हणजे गुन्हा असा अर्थ काढतात. चार तास झोपतात, पाठ केलेले विसरतात आणि स्वतःलाच दोष देतात. वाचलेले पक्के होते ते झोपेतच. थीनमिद्ध म्हणजे मनाची सुस्ती, दमलेल्या शरीराची झोप नव्हे. बाबासाहेबांचे शरीर शेवटी मधुमेहाने आणि सांध्या-नसांच्या दुखण्याने किती थकले होते हेही पोरांना सांगा. आणि तेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हेही.

संगीताची मर्यादाही ओळखा. आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री, आणि असे तीन महिने झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. घोरताना श्वास अडकत असेल, दिवसा बसल्या जागी डुलक्या येत असतील, तर लवकर दाखवा. सिकलसेलच्या रुग्णाला रात्री दुखणे उठले, ताप आला, छातीत दुखले, धाप लागली तर सूर लावून वाट पाहू नका, दवाखाना गाठा. मन खचले असेल, जगणे नको वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो रात्रीही लागतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

पुतण्याने ती फाइल विहारातल्या ताईंच्या मोबाइलमध्ये टाकून दिली. दोन आठवड्यांनी त्या भेटल्या. “झोप लागते आता. पूर्ण नाही ऐकलं कधी. शेवटी काय आहे त्याच्यात?” मी पुतण्याकडे बघितले. तो म्हणाला, “काही नाही, ताई.”