टॅब्लेटवरील ध्वनिमुद्रण : जोडणीतील दोष कसा शोधावा

मुलांचे वाचन मुद्रित करून त्यांनाच ऐकविणे, हे उच्चारसुधारणेचे सुलभ साधन होय. रामटेक, पारशिवनी भागांतील ज्या मुलांची घरची बोली गोंडी आहे, त्यांना ते विशेष उपयोगी पडते. परंतु मुद्रणच सदोष असेल, तर हळू बोलणाऱ्या मुलाला ‘वाचता येत नाही’ असा अन्यायाचा शेरा मिळण्याचा संभव असतो. यास्तव परीक्षा आधी यंत्राची, मागाहून मुलाची.

बाहेरचा माइक जोडूनही आवाज दुरून आल्यासारखा वाटल्यास प्रथम पिन पाहावी. ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर आडव्या रेषा २ असल्यास तिचे भाग ३ होतात. रेषा ३ असल्यास भाग ४. हेडफोन व माइक यांना मिळून एकच छिद्र असलेल्या टॅब्लेटला ४ भागांची पिन लागते. ३ भागांची घातल्यास टॅब्लेट बहुधा स्वतःच्याच माइकवर मुद्रण करीत राहतो. खात्रीसाठी मुद्रण सुरू करून आधी बाहेरच्या माइकवर व मग टॅब्लेटच्या कडेवर टिचकी मारावी. दुसरी मोठी ऐकू आल्यास बाहेरचा माइक जोडलाच गेलेला नाही, असे समजावे. माइक व हेडफोन वेगळे करणारा जोड मधे लावावा.

तरीही दोष राहिल्यास पिन पूर्ण आत बसवावी, नंतर केबल बदलावी. गुणगुण येत असल्यास चार्जर काढून पाहावा. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा दोष कोठे होता, हे कळत नाही.

शेवटी वर्गातील सर्वांत हळू बोलणाऱ्या मुलाकडून एक वाक्य वाचवून घ्यावे. ते स्पष्ट उमटले, म्हणजे जोडणी बरोबर झाली.