संगणकावरील दिनदर्शिका व शाळेचे कामकाज

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोंद करून ठेवण्याची रीत आपल्या घरांना नवी नाही. १९७३ पासून निघत असलेल्या ‘कालनिर्णया’च्या चौकटींत दुधाचा खाडा मांडून ठेवणारी गृहिणी महिनाअखेर गवळ्याच्या हिशेबात सहसा फसत नाही. शाळेच्या कार्यालयात मात्र ही दक्षता क्वचितच आढळते. परिपत्रक भ्रमणध्वनीवरील गटात येते, वाचले जाते आणि सायंकाळपर्यंत इतर पन्नास संदेशांखाली दडून जाते. त्याची पुन्हा आठवण होते ती केंद्रप्रमुखांची विचारणा आल्यावर. मग वर्ग सोडून माहिती भरण्याची धावपळ सुरू होते व मुलांचा तास बुडतो.

ज्या शाळेत संगणक आहे तेथे त्यातील दिनदर्शिका या कामी लावता येते. गूगल कॅलेंडर घ्यावे की आउटलुक, याचा फार विचार करण्याचे कारण नाही. रचना सारखीच आहे. महिन्याच्या चौकटी पडद्यावर दिसतात, तारखेवर माऊसने टिचकी दिली की कोरी नोंद उघडते, तीत कामाचे नाव, वेळ आणि आठवण केव्हा द्यावी हे लिहून ती जतन करावयाची. एवढे कोणासही अर्ध्या तासात साधेल. खरा प्रश्न यापुढचा आहे, तो म्हणजे कोणती तारीख नोंदवावी?

बहुतेक जण अंतिम दिनांक नोंदवितात आणि काम झाले असे समजतात. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेचे उदाहरण घ्यावे. ही परीक्षा पाचवीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास आयुष्यात एकदाच देता येते. तेथील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांकरिता असतात. अर्थात ती वाट मुख्यतः खेड्यातील शाळांतूनच जाते. आता एखाद्या द्विशिक्षकी शाळेने केवळ अर्जाच्या अंतिम दिनांकाची नोंद केली असे समजू. त्या दिवशी सकाळी संगणक इमानाने आठवण देतो. परंतु अर्जास मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र हवे, मुलीचे छायाचित्र हवे, तिची व पालकाची सही हवी. पालक भातलावणीसाठी परगावी गेलेला, पावसाने वीज गेलेली, आणि संकेतस्थळावर त्याच दिवशी साऱ्या देशाची गर्दी लोटलेली. आठवण वेळेवर झाली, तरी त्या मुलीची संधी गेली ती गेलीच. मुलगी हुशार होती, असे पुढे वर्षभर शिक्षकांत बोलले जाते, इतकेच.

म्हणून अंतिम दिनांक कळताच तेथून मागे मोजीत यावे. तीन आठवडे अगोदरच्या चौकटीत पाचवीच्या पालकांना निरोप देण्याची नोंद करावी. दोन आठवडे अगोदर छायाचित्रे व सह्या. दहा दिवस अगोदर प्रमाणपत्रे. आणि प्रत्यक्ष अर्ज भरण्याचे काम सात दिवस अगोदर. मधले सात दिवस विजेच्या आणि इंटरनेटच्या लहरीसाठी मोकळे सोडावेत. प्रत्येक नोंदीत काम कोणी करावयाचे त्याचे नावही लिहावे, नाहीतर दोघेही शिक्षक एकमेकांवर विसंबतात. दिनांक दरवर्षी बदलतात. तेव्हा ते चालू वर्षाच्या सूचनापत्रावरूनच घ्यावेत, गतवर्षीच्या नोंदीवरून उतरवू नयेत.

नेमाने येणारी कामे याहून सोपी. शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा, पोषण आहाराच्या धान्यसाठ्याची मोजणी यांसारखे काम एकदाच नोंदवून ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी’ अशी पुनरावृत्ती निवडली, की ते पुढे आपोआप दिसत राहते. सभेची आठवण मात्र सभेच्या दिवशी ठेवून उपयोग नाही. पालकांना मजुरीचा खाडा करून यावे लागते, त्यांना आठवडाभर आधी कळावयास हवे.

नोंदींची गर्दीही करू नये. वर्गातील वाचनाचा तास, अप्रगत मुलांसाठी ठेवलेला वेळ हे अगोदर चौकटींत घालावेत व कार्यालयीन कामे उरलेल्या जागेत बसवावीत. (काही उत्साही मंडळी चहाच्या वेळेचीही नोंद करतात, तिची आठवण कोणास करून द्यावी लागल्याचे ऐकिवात नाही.) आठवणीची खिडकी पडद्यावर आली की ती वाचण्यापूर्वीच बंद करण्याची सवय हाताला लागते. काम झाले नसेल तर ती बंद न करता पुन्हा आठवण देण्याची वेळ निवडावी.

संगणकच बंद असेल तर त्याची आठवण तरी कोण देणार? तेच खाते मुख्याध्यापकांच्या भ्रमणध्वनीवरही उघडून ठेवावे. आणि महिन्याच्या प्रारंभी त्या महिन्याचे पान छापून कार्यालयाच्या भिंतीवर लावावे, म्हणजे भारनियमनाच्या दिवशीही अडत नाही. मुलांचे आधार क्रमांक, आजार, घरगुती अडचणी असा मजकूर त्यात लिहू नये, कारण ते पान येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो.

आणखी एक गोष्ट. दिनदर्शिका शिक्षकाच्या खासगी खात्यावर नसावी, शाळेच्या नावाने स्वतंत्र खाते उघडून त्यावर असावी. अन्यथा बदलीचा आदेश येतो आणि शाळेचे अर्धे वर्ष त्या शिक्षकाबरोबर दुसऱ्या तालुक्यात निघून जाते. कार्यभार देताना कपाटाच्या किल्ल्या व जमाखर्चाची वही यांबरोबर त्या खात्याचा संकेतशब्दही नव्या मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करावा, आणि त्यांनी तो त्याच दिवशी बदलून घ्यावा.